नाना, पार्किन्सन आणि खाजकुयली

कोणाचं नाव कशाला चिकटेल याचा काही नेम नाही. कोणाचं पुलाला चिकटतं, कोणाचं चौकाला, तर कोणा आल्फोन्सोचं आंब्याला चिकटून त्याचा हापूस होतो. बाकीच्या आपणासारख्यांचं नाव दारावरच्या पाटीला चिकटतं आणि पाटी उतरली की तेही उतरतं. लंडनच्या जेम्स पार्किन्सनचं नशीब मात्र सगळ्यांहून न्यारं. त्याचं नाव चिकटलं ते एका आजाराला. आणि गंमत अशी, की त्याने स्वतः त्या आजाराला दिलेलं नाव निराळंच होतं!

या पार्किन्सनची आणि माझी ओळख 1987 साली झाली. तोवर मला एकच पार्किन्सन ठाऊक होता. तो म्हणजे नॉर्थकोट पार्किन्सन. 'हाताशी जेवढा वेळ असेल तेवढं काम फुगत जातं' असा नियम 1955 साली सांगून त्याने जगातल्या तमाम कचेऱ्यांची अब्रू चव्हाट्यावर मांडली होती. त्यामुळे मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी आमच्या नानांना तपासलं, चालवून पाहिलं, मनगट हलवून पाहिलं आणि चष्मा काढून ते म्हणाले, "पार्किन्सन दिसतोय," तेव्हा मी चटकन बोलून गेलो, "पण डॉक्टर, नाना रिटायर होऊन सहा वर्षं झाली!"

डॉक्टर हसले नाहीत. नानाही हसले नाहीत. म्हणजे त्यांना हसायचं होतं, पण चेहरा हसायला तयार नव्हता. हे मला फार उशिरा कळलं.

नाना माझे सख्खे चुलते. मुंबईत एका कचेरीच्या हिशेबखात्यात त्यांनी पस्तीस वर्षं खर्डेघाशी केली. खर्डेघाशी हा शब्द त्यांच्या बाबतीत अन्यायाचाच. कारण नानांचं अक्षर म्हणजे मोत्याचा दाणा. त्यांनी लिहिलेला तोट्याचा ताळेबंदसुद्धा फायद्याचा वाटे. रिटायर झाल्यावर ते काकूंना घेऊन कोकणातल्या आमच्या घरी जाऊन राहिले आणि दर आठवड्याला मला एक अंतर्देशीय पत्र पाठवू लागले. आंब्याचा मोहोर, शेजाऱ्याची गाय, काकूंचा संधिवात, असं सगळं त्यात तारीखवार असे.

पुढे ते अक्षर लहान होऊ लागलं. पहिली ओळ ठसठशीत, दुसरी जरा अंग चोरून बसलेली, आणि शेवटचं 'तुझा नाना' तर शाईत पाय बुडवून मुंगी चालत गेल्यासारखं. आम्ही घरात हसलो. "पोस्टाचे दर वाढले ना! नाना एका पत्रात दोन पत्रांचा मजकूर बसवतात," असं मीच म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होतं. पण विनोदी लेखकाला विनोद अर्ध्यावर सोडवत नाही. दिवाळीच्या फराळाबरोबर मी त्यांना एक भिंग पाठवून दिलं.

मग काकूंचं पत्र आलं. त्यात तक्रार होती, की तुझे काका या वयात तंबाखूला लागले. समोर माणूस बसलेला असताना मांडीवर हात ठेवून अंगठा आणि तर्जनी अशी सारखी चोळत असतात, की आता चुना मागतील असं वाटतं. काकूंनी कोटाचे खिसे पाहिले, उशीखाली पाहिलं, शेवटी न्हाणीघराच्या वळचणीतसुद्धा पाहिलं. तंबाखू सापडली नाही. आयुष्यात सुपारीचं खांड न चघळलेल्या माणसाची अशी झडती झाली, आणि झडती चालू असताना नाना ओटीवर बसून ती नसलेली तंबाखू मळतच होते.

तिसरा प्रकार उंबरठ्याचा. मे महिन्यात आम्ही सगळे गावी जमलो तेव्हा तो पाहायला मिळाला. नाना ओटीवरून बरे चालत येत आणि माजघराच्या उंबरठ्याशी जे थबकत ते थबकतच. पाय जमिनीला खिळल्यासारखे. मागे जेवायला जाणाऱ्यांची रांग. मग कोणीतरी ओरडे, "नाव घ्या, नाना, नाव घ्या!" नव्या नवरीला अडवावं तसं पोरं त्यांना अडवून बसत. एकदा नाना हळू आवाजात म्हणाले, "नाव घेतलं असतं रे, पण पाय ऐकत नाहीत." त्यावर आम्ही आणखीच हसलो.

गावच्या डॉक्टरांनी "वय झालं" असं निदान करून एक लाल टॉनिक दिलं होतं. ते प्यायल्याने नानांचं वय काही कमी झालं नाही.

मुंबईला निदान झाल्यावर मी अपराधी मनाने वाचायला बसलो. विनोदी लेखक अपराधी वाटलं की ग्रंथालयात जातो. तिथे कोणी ओरडत नाही. आणि तिथे हे दुसरे पार्किन्सन भेटले. इथून पुढे मी त्यांना अहोजाहो करणार आहे.

जेम्स पार्किन्सन यांचा जन्म 1755 चा, लंडनजवळच्या हॉक्स्टनमधला. वडील औषधं देणारे वैद्य, तोच धंदा मुलाने चालवला. पण माणूस नुसता पुड्या बांधणारा नव्हता. 'ओल्ड ह्यूबर्ट' या टोपणनावाने ते सरकारवर टीका करणारी पत्रकं लिहीत. 1794 साली राजे तिसरे जॉर्ज यांना नाटकगृहात विषारी बाण मारण्याचा एक कट म्हणे उघडकीला आला. बाण कशातून मारायचा? तर पितळेच्या फुंकनळीतून! या 'पॉपगन' कटाच्या चौकशीत पार्किन्सनना प्रिव्ही कौन्सिलपुढे उभं राहावं लागलं. त्यातून सुटल्यावर त्यांनी राजकारण आवरतं घेतलं आणि दगडांकडे मोर्चा वळवला. जीवाश्मांवर तीन खंड लिहिले. 1807 साली लंडनची भूगर्भशास्त्रसंस्था स्थापन करणाऱ्या मूठभर मंडळींत ते होते. शॉर्टहँड येत असल्यामुळे तरुणपणी त्यांनी जॉन हंटर या मोठ्या सर्जनची व्याख्यानं शब्दन्‌शब्द उतरवून घेतली होती. म्हणजे हेही एका अर्थाने कारकूनच.

असा दगड निरखायची सवय असलेला माणूस 1817 साली एक लहानसं पुस्तक लिहितो. पानं फक्त 66. विषय : 'थरथरता पांगुळवात'. त्यात रोगी किती? सहा. आणि त्यांतले काहीजण त्यांच्या दवाखान्यात आलेलेच नव्हते. दोघे रस्त्याने जाताना दिसले. साहेबांनी त्यांची चाल पाहिली, थांबवून विचारपूस केली. त्यांतला एक पूर्वी मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत चाकरीला होता, दुसरा पिळदार अंगाचा खलाशी. तिसऱ्या एका गृहस्थांशी तर बोलणंही झालं नाही. त्यांना नुसतं लांबून पाहिलं.

या एवढ्या भांडवलावर साहेबांनी जे लिहिलं ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला. हात स्वस्थ असतानाच कापतो, कामाला लावला की कंप कमी होतो. अंग पुढे वाकतं. चालणाऱ्याची पावलं आखूड होत जातात आणि चालता चालता तो इच्छा नसताना पळू लागतो. लिहिणं अवघड होतं. आणि महत्त्वाचं म्हणजे, बुद्धी शाबूत राहते. पुढच्या डॉक्टरांना बुद्धीच्या बाबतीत अपवाद आढळले, पण बाकीचं चित्र आजही कोणाला खोडता आलेलं नाही. उपचार म्हणून मात्र त्यांनी मानेतून रक्त काढायला सांगितलं. नजर दोनशे वर्षं टिकली, औषध दोन दिवसही टिकण्याजोगं नव्हतं.

रस्त्यावरच्या परक्या माणसांना ओझरतं पाहून त्यांना जे दिसलं, ते आम्हांला एका ताटात जेवून दिसलं नव्हतं. आम्ही नानांकडे बघत होतो. पण आपल्या माणसाकडे आपण बघतो ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघावं तसं. नवीन महिना लागला की चित्र बदलतं, पण लक्ष फक्त तारखेकडे.

पुस्तक फारसं कोणी वाचलं नाही. 1824 साली पार्किन्सन वारले. त्यांचं खात्रीचं असं एकही चित्र नाही. एवढं बघणाऱ्या माणसाकडे बघून चित्र काढायला कोणाला सुचलं नाही! पुढे पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयातल्या शार्को या दिग्गज डॉक्टरांनी तो निबंध शोधून काढला. 'यात पांगुळवात कसला? या लोकांच्या अंगात ताकद असते, आणि काहीजण तर थरथरतही नाहीत,' असं सांगून त्यांनी जुनं नाव रद्द केलं आणि 'पार्किन्सनचा आजार' असं बारसं केलं.

शार्कोंचे रुग्ण त्यांना सांगत, की घोडागाडीचा किंवा रेल्वेचा लांबचा प्रवास केला की बरं वाटतं. लगेच त्यांनी गदगदा हलणारी एक खुर्ची बनवून घेतली आणि रुग्णांना रोज तीत बसवलं. हे वाचून मला वाईट वाटलं. रत्नागिरीकडे जाणारी आमची एस.टी. त्यांच्या वेळी असती, तर खुर्चीचा खर्च वाचला असता. 2012 साली अमेरिकेत या खुर्चीची पद्धतशीर परीक्षा झाली, तेव्हा हलणाऱ्या खुर्चीतले लोक आणि न हलणाऱ्या खुर्चीतले लोक, दोघांनाही सारखंच बरं वाटलं. नुसतं कोणीतरी शेजारी बसून आपली विचारपूस करतंय, एवढ्यानेही माणसाला बरं वाटत असणार.

आता हा आजार होतो कुठे? शार्कोंनाही तो पत्ता लागला नाही. तो लागला 1919 साली, त्रेत्याकोफ नावाच्या एका तरुण डॉक्टरांच्या प्रबंधात. मेंदूच्या खोल भागात, त्याच्या देठाशी, एक काळसर पट्टा असतो. लॅटिनमध्ये त्याला भारदस्त नाव आहे, 'सब्स्टॅन्शिया नायग्रा'. अर्थ एवढाच, 'काळा पदार्थ'. या रुग्णांत तो फिका पडलेला असतो.

मला हे नीट समजलं ते नानांनी आपल्या भाषेत समजावलं तेव्हाच. ते म्हणाले, "म्हणजे असं बघ. 'पाय उचल' असा हुकूम हेडऑफिसात निघतो. साहेबांची सही होते. पण मधे एक मंजुरीखातं आहे. तिथे सगळ्या फायली मुळात 'नामंजूर' म्हणूनच अडकवलेल्या असतात. तिथला एक म्हातारा कारकून शिक्का मारील तीच फाइल सुटायची. तो कारकून रजेवर गेला, तर साहेब हुशार, पाय धडधाकट, आणि काम ठप्प!"

याहून सोपं करून मला कोणत्याही पुस्तकाने सांगितलेलं नाही. शिक्क्याच्या त्या शाईचं नाव डोपामीन. ती त्या काळ्या पट्ट्यातल्या पेशी तयार करतात. निम्म्याच्या आसपास पेशी गेल्या तरी कचेरी कशीबशी चालू असते. बाहेरच्यांना पत्ता लागतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

ही शाई सापडली कशी, त्या गोष्टीत आपला भारत दोनदा येतो. आधी सर्पगंधा. या वनस्पतीचं मूळ आपल्याकडे पूर्वीपासून वापरात होतं. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी ते रक्तदाबावर वापरून 1949 साली एका ब्रिटिश नियतकालिकात निबंध लिहिला आणि सर्पगंधा जगभर गेली. 1952 साली तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढण्यात आलं. स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी ते सशांना टोचलं, तर ससे कान पाडून जागच्या जागी बसले. हलेनात, डुलेनात. त्यांच्या मेंदूतली शाई संपली होती. मग 1957 साली कार्लसननी त्या सशांना शाईचा कच्चा माल टोचला, लेव्होडोपा. थोड्याच वेळात ससे कान टवकारून हिंडू लागले. 2000 साली कार्लसनना नोबेल पारितोषिक मिळालं. सशांना बहुधा गाजर मिळालं असावं.

1960 साली व्हिएन्नाच्या होर्निकिएविझ यांनी मरण पावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले. निरोगी मेंदूच्या अर्कात रसायन टाकलं की गुलाबी रंग यायचा. पार्किन्सनच्या रुग्णांच्या अर्कात तो जवळजवळ येईना. साध्या डोळ्यांना दिसावं इतका फरक! पुढच्याच वर्षी बिर्कमायर या डॉक्टरांबरोबर त्यांनी लेव्होडोपा रुग्णांना टोचून पाहिलं, आणि अंथरुणात उठून बसता न येणारी माणसं उठून चालू लागली. परिणाम टिके थोडाच वेळ. 1967 साली अमेरिकेत कोट्झियस यांनी ते पोटातून, थोडं थोडं वाढवत द्यायची रीत बसवली, आणि औषध घरोघर नेण्याजोगं झालं.

या लेव्होडोपाचाही एक पूर्वेतिहास आहे. 1913 साली बाझेलच्या गुगेनहाइम या रसायनशास्त्रज्ञांनी ते एका जातीच्या घेवड्यातून काढलं होतं. कशाला उपयोगी पडतं ते पाहावं म्हणून त्यांनी स्वतःच अडीच ग्रॅम गिळलं आणि भडाभडा ओकले. इतकं झाल्यावर कोणीही माणूस घेवड्याचं नाव टाकील. ते द्रव्य बरीच वर्षं तसंच पडून राहिलं.

आणि आता भारत दुसऱ्यांदा येतो. 1937 साली मद्रासच्या विद्यापीठात दामोदरन आणि रामस्वामी या दोघांनी तेच द्रव्य एका भारतीय वेलीच्या बियांतून वेगळं काढलं. त्या वेलीचं शास्त्रीय नाव मी दोनदा वाचलं, शब्दकोश काढला आणि खुर्चीत ताठ बसलो. ती आमची खाजकुयली होती!

वाचकांतल्या कोकणवासीयांना या वेलीची ओळख करून द्यायला नको. कुंपणावर चढते, मखमली केसाळ शेंगा धरते, आणि ते केस अंगाला लागले की माणूस सगळे सभ्य संकेत विसरतो. मी आठ वर्षांचा असताना नाना सुट्टीवर गावी आले होते. दुपारी त्यांनी मला पाढे म्हणायला बसवलं, म्हणून मी त्यांच्या आरामखुर्चीच्या कापडावर खाजकुयलीची एक शेंग घासून ठेवली. पुढचा अर्धा तास नाना अंगणात जे नाचले तसं नृत्य मी पुढे कुठल्याही थिएटरात पाहिलं नाही. तेव्हा त्यांच्या मंजुरीखात्यात एकही फाइल अडत नव्हती.

शेंगेच्या केसांनी खाज सुटते आणि शेंगेतल्या बियांत लेव्होडोपा असतं. वैद्य मंडळी त्याच बिया शुद्ध करून 'कवचबीज' म्हणून वातविकारांवर देत आलेली आहेत. (म्हणून कोणी उद्या कुंपणावर चढू नये. बियांत मात्रा कमीजास्त असते, आणि गुगेनहाइमसाहेबांचं काय झालं ते वर सांगितलंच आहे.) डॉक्टरांनी नानांना गोळी दिली ती कारखान्यातली, ओकारी होऊ नये म्हणून दुसऱ्या औषधाची जोड दिलेली. पण द्रव्य तेच. मी नानांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अरे, तेव्हा तू बाहेरून लावलीस. पोटातून दिली असतीस तर!"

गोळ्या सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात नाना हसले. खरंखुरं, गालाला खळी पडेपर्यंत. काकू स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आल्या.

पण गोळी म्हणजे उधारीची शाई. ती संपली की फायली पुन्हा अडत. जास्त झाली की नको त्या फायली सुटत आणि मान, खांदे आपोआप डुलू लागत. गोळीच्या वेळेवर घरचं घड्याळ चालू लागलं. उंबरठ्याचं काही पुरतं सुटलं नाही. तेव्हा डॉक्टरांनी एक युक्ती सांगितली, की जमिनीवर पट्टे आखा. मी ओटीपासून माजघरापर्यंत वीतवीत अंतरावर चुन्याचे आडवे पट्टे ओढले, आणि नाना पट्ट्यावर पट्टा टाकत उंबरठा ओलांडून गेले! समोर खूण दिसली, किंवा कोणी "डावा-उजवा" असा ताल धरला, की मेंदू दुसऱ्या वाटेने काम काढून घेतो. नानांच्या भाषेत, "साहेबाकडून काम होत नसेल तर वशिल्याने होतं."

जिथे पट्टे नसत तिथे मी त्यांच्यासमोर उभा राहून दोन्ही खांदे धरी, त्यांना मागेपुढे थोडं झुलवी आणि "चला" म्हणून उलटा चालू लागे. पार्किन्सननी लांबून पाहिलेल्या त्या गृहस्थांचा नोकरही नेमकं हेच करत होता. खांद्यांवर हात ठेवून झुलवायचं, इशारा करायचा आणि पुढे सरकून तयार राहायचं, म्हणजे धनी वीसेक पावलं धावले की त्यांना झेलता येईल. पुस्तकातलं ते वर्णन मी आधी वाचलं होतं, तरी देवळाच्या वाटेवर नानांना झेलताना ते आठवलं, तेव्हा त्या बिनानावाच्या नोकराशी माझं काही नातं लागतं असं वाटलं.

गोळ्या सुरू करून गावी परतल्यावर नानांनी मला पहिलं अंतर्देशीय पत्र धाडलं, त्यात अक्षर जुनं होतं. मोत्याचं. शेवटच्या ओळीपर्यंत. मजकूर थोडाच होता. मोहोर चांगला आहे, गाय व्यायली, काकू बरी आहे. आणि खाली : 'तुझं भिंग वेगळ्या पार्सलने परत पाठवत आहे. आता लागत नाही.'

त्यात टोमणा नव्हता. नानांना टोमणे मारता येत नसत. हिशेब चुकता करायची फक्त सवय होती. पण मी ते पत्र घरात कोणाला वाचून दाखवलं नाही.

नाना 1996 साली गेले. शेवटच्या दोन-तीन वर्षांत अक्षर पुन्हा लहान लहान होत गेलं. ती पत्रं माझ्याकडे आहेत, आणि ती वाचायला भिंग लागतं. ते टेबलाच्या खणातच असतं.